डेनिसोवा गुहा : थर क्रमांक वाचताना आपण कुठे फसतो?

गाळवाचक

डेनिसोवा गुहेबद्दल मराठीत जे येतं ते बहुतेक २००८ साली सापडलेल्या करंगळीच्या हाडाच्या तुकड्याभोवती फिरतं. हाड मोलाचं आहेच : डेनिसोवन ही निअँडरथलांसारखीच लुप्त झालेली मानवशाखा त्याच्यावरूनच ओळखली गेली. पण ते कुठल्या दालनात, कुठल्या थरात आणि कशाच्या शेजारी पडलं होतं, हे धरलं नाही तर त्यावर बांधलेली अर्धी विधानं लटकी पडतात. हा धागा त्यासाठी.

आधी जागा. दक्षिण सायबेरियातला अल्ताई पर्वत, अनुई नदीचं खोरं. चुनखडीच्या कड्यात, नदीपात्रापासून साधारण २८ मीटर वर गुहेचं तोंड. आत मुख्य, पूर्व आणि दक्षिण अशी तीन दालनं. मुख्य दालनाच्या छताला आरपार भोक आहे, त्यातून उजेड येतो. तिथलं वार्षिक सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास, आणि पुढे येणाऱ्या डीएनएच्या सगळ्या करामतींचं मूळ या थंडीत आहे. १९७७ मध्ये निकोलाय ओवोदोव्ह यांनी चाचणी खड्डे घेतले, १९८० च्या दशकापासून नोव्होसिबिर्स्कच्या पुरातत्त्व व मानववंश संस्थेचं सलग उत्खनन चालू आहे. अनातोली देरेव्यांको आणि मिखाइल शुन्कोव ही त्यातली मुख्य नावं.

आता फसगतीची पहिली जागा. थरांचे क्रमांक दालनागणिक स्वतंत्र आहेत. पूर्व दालनातला ११.२ आणि मुख्य दालनातला ११.२ हे एकाच वयाचे असतील असं गृहीत धरता येत नाही. करंगळीचं हाड, म्हणजे डेनिसोवा ३, पूर्व दालनाच्या ११.२ मधलं. डेनिसोवा ४ ही दाढ दक्षिण दालनाच्या ११.१ मधली. बातम्यांत दोन्हींना 'थर ११' म्हणून एका ओळीत बसवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, दोघं शेजारी होते.

भटकी खार

धागा आवडला. बाळबोध शंका : गुहा एकच, माती एकच, मग तिन्ही दालनांना सलग क्रमांक का देता येत नाहीत?

गाळवाचक

@भटकी खार, माती एक नाही, तीच तर अडचण. छताला भोक असलेल्या दालनात वरून वाऱ्याची धूळ आणि पाणी येतं. आतल्या दालनात छताचे कपचे आणि प्राण्यांची विष्ठा जास्त. एका दालनात ज्या काळात हातभर गाळ साचला, त्याच काळात दुसऱ्यात काहीच साचलेलं नसू शकतं, किंवा साचलेलं वाहून गेलेलं असतं. उत्खनन करणारा आपल्या दालनात रंग, पोत आणि कपच्यांचं प्रमाण बदललं की नवा क्रमांक देतो. दालनं जोडण्याचं काम नंतर होतं : कालमापन, प्राण्यांची हाडं आणि अवजारं ताडून.

शिवाय थर सपाट नसतात. भिंतीलगत ते वर चढतात, मध्ये खचतात, ओल्या मातीच्या वजनाने वाकतात. आडव्या पट्ट्यांनी खणत गेलात तर एकाच पट्टीत दोन थर कापले जातात. म्हणून थराच्या उताराबरोबर खणायचं, प्रत्येक वस्तूचे तीन अक्षांवरचे अंक जागीच नोंदवायचे, आणि चाळणीतून निघालेल्या चुऱ्याला निदान चौकट व थर तरी चिकटलेला ठेवायचा. चाळणीतल्या तुकड्याचा नेमका बिंदू कायमचा गेलेला असतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याला महत्त्व येणार आहे.

तरसखिंड

आणि सगळ्यात मोठा उपद्रव माणसाचा नाही, तरसाचा आहे.

२०१९ मध्ये या गुहेच्या गाळाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. गाळाचा अखंड ठोकळा प्लास्टर लावून काढायचा, वाळवायचा, राळ मुरवायची, कठीण झाला की कापून सुमारे ३० मायक्रॉन जाडीपर्यंत घासायचा. अशा कापांत तरसाच्या विष्ठेचे तुकडे सर्रास दिसले, आणि माणसाच्या वावराची खूण म्हणावी असा राख-कोळसा मात्र फारच थोडा. गुहा बराच काळ तरस आणि लांडग्यांच्या ताब्यात होती. माणसं येत, राहत, निघून जात.

याचे परिणाम दोन. तरस हाड फोडतो, गिळतो आणि आम्लाने झिजलेले तुकडे टाकतो, त्यामुळे बहुतेक हाडं बोटाच्या पेराएवढी आणि आकारावरून ओळखू न येणारी. दुसरं म्हणजे बीळ उकरताना तो वरची वस्तू खाली आणि खालची वर करतो. बिळाची कड भिंतीत दिसली तर बरं, नाही दिसली तर त्या चौकटीतला प्रत्येक निष्कर्ष संशयास्पद.

कोलॅजन

ओळखू न येणाऱ्या त्या तुकड्यांचं काय करतात ते लिहितो, कारण या गुहेतला सर्वात गाजलेला तुकडा असाच मिळाला.

पद्धत प्रथिनांची. हाडातून १० ते २० मिलिग्रॅमचा कण घ्यायचा. अमोनियम बायकार्बोनेटच्या ५० मिलिमोलर द्रावणात ६५ अंशांवर तासभर ठेवायचा, म्हणजे कोलॅजन (हाडातलं मुख्य प्रथिन) विरघळून बाहेर येतं. त्यात ट्रिप्सिन घालून ३७ अंशांवर रात्रभर. ट्रिप्सिन कोलॅजनचे ठरावीक जागी तुकडे पाडतं. ते गाळून, वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या पट्टीवर थेंब ठेवायचा. जी शिखरं उमटतात त्यांची वस्तुमानं ज्ञात प्राण्यांच्या यादीशी ताडायची. एका पट्टीवर शेकडो नमुने बसतात, म्हणून खर्च परवडतो.

मर्यादाही स्पष्ट हव्यात. गाय आणि बायसन या पद्धतीत वेगळे निघत नाहीत, घोडा आणि गाढवही नाहीत. माणूस सापडला तर 'मानवकुळातला' एवढंच कळतं. निअँडरथल, डेनिसोवन की आपण, हे ही शिखरं सांगत नाहीत. भाजलेल्या किंवा आम्लात झिजलेल्या हाडात कोलॅजनच उरत नाही, तेव्हा पट्टीवर काही उमटत नाही. तुकडा जोडायला जनावराच्या चामड्या-हाडांपासून केलेला सरस वापरला असेल तर त्या सरसाचंच कोलॅजन मोजलं जातं.

डेनिसोवात पहिल्या फेरीत २,३०० हून जास्त तुकडे तपासले आणि मानवकुळातला एक निघाला. तो डेनिसोवा ११ : जेमतेम अडीच सेंटीमीटर, वजन पावणेदोन ग्रॅमही नाही. पुढच्या मोठ्या फेरीत पूर्व दालनाच्या तळाकडच्या थरांतले ३,७९१ तुकडे तपासले, त्यात पाच निघाले. त्यांपैकी चारांत मातृवंशीय (फक्त आईकडून येणारा) डीएनए मिळाला : तीन डेनिसोवन, एक निअँडरथल. ते तिन्ही डेनिसोवन थर १५ मधले, सुमारे दोन लाख वर्षांचे.

भटकी खार

डेनिसोवा ११ म्हणजे तीच ना, आई एका जातीची आणि बाप दुसऱ्या?

दोन_पट्ट्या

हो तीच. २०१८ मध्ये जनुकसंच प्रसिद्ध झाला : आई निअँडरथल, वडील डेनिसोवन, आणि मुलगी वारली तेव्हा निदान १३ वर्षांची. वय ८० हजार ते १ लाख २० हजार वर्षांच्या दरम्यान.

'मिश्र वंश' हे थेट पहिल्या पिढीचंच मिश्रण कशावरून, हे समजून घेण्यासारखं आहे. तिच्या गुणसूत्रांच्या प्रत्येक जोडीत एक प्रत निअँडरथलसारखी आणि एक डेनिसोवनसारखी येते, जवळपास सगळीकडे. संकर पाच-दहा पिढ्या आधीचा असता तर काही पट्टे दोन्ही बाजूंनी निअँडरथल, काही दोन्ही बाजूंनी डेनिसोवन असे तुटक दिसले असते. दुसरा खुलासा असा असू शकला असता की दोन हाडांची भुकटी मिसळली. म्हणून त्याच हाडातून पुन:पुन्हा वेगवेगळे नमुने काढून तेच उत्तर येतं का हे पाहिलं गेलं. गंमत अशी, की तिची आई त्याच गुहेतल्या जुन्या निअँडरथल बाईपेक्षा क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या निअँडरथलांच्या जास्त जवळची होती. हजारो किलोमीटरची ये-जा झाली होती, हे त्यातून निघतं.

डीएनए टिकण्याबद्दलही लिहून टाकतो, कारण 'थंड गुहा, म्हणून डीएनए' एवढंच पुरेसं नाही. करंगळीच्या हाडाच्या ३० मिलिग्रॅम भुकटीतून मातृवंशीय डीएनएचा पूर्ण क्रम मिळाला (२०१०), आणि त्या हाडातला सुमारे ७० टक्के डीएनए ते हाड ज्या मुलीचं, तिचा स्वतःचा होता. त्याच गुहेतल्या डेनिसोवा ४ या दाढेत हाच आकडा ०.१७ टक्के. बाकी सगळं जिवाणूंचं. तुलनेसाठी, निअँडरथल हाडांत १ ते ५ टक्के मिळाले तरी लोक खूश असतात. ते करंगळीचं हाड अपवाद होतं, त्यावरून गुहेतल्या बाकी हाडांकडून अपेक्षा बांधू नये.

प्राचीन डीएनए खरा कशावरून? त्याच्या तुकड्यांच्या टोकांना सायटोसिन बिघडून थायमिन म्हणून वाचलं जातं. हा बिघाड काळाबरोबर वाढतो. खणणाऱ्याच्या थुंकीतून आलेल्या ताज्या डीएनएमध्ये तो नसतो. मातृवंशीय डीएनएच्या दोन्ही टोकांना हे प्रमाण खात्रीने १० टक्क्यांच्या वर असेल तरच 'प्राचीन मानव' म्हणायचं, असा लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटाचा निकष. त्याखालचं काहीही असो, मोजायचं नाही.

तिसरी_चाळण

हाडाशिवाय नुसत्या मातीतून डीएनए काढतात त्यावर माझा पहिल्यापासून आक्षेप आहे. पाणी वरून खाली झिरपतं. वरच्या थरातल्या मूत्रातला डीएनए खालच्या थरात उतरला तर? न्यूझीलंडच्या गुहांमध्ये मेंढ्यांचा डीएनए मोआ पक्ष्याच्या थरांत उतरलेला सापडलेला आहे. युरोपीय येण्याआधी तिथे मेंढ्याच नव्हत्या.

दोन_पट्ट्या

@तिसरी_चाळण, आक्षेप रास्त आहे. पण या गुहेपुरतं त्याचं उत्तर मिळालेलं आहे, आणि ते तरसखिंड यांनी लिहिलेल्या राळेच्या ठोकळ्यांतूनच. २०२२ मध्ये जुन्या, राळ मुरवलेल्या ठोकळ्यांतून सूक्ष्म ठिकाणी पोखरून डीएनए काढला. तो मातीभर सारखा पसरलेला नव्हता. हाडाच्या आणि विष्ठेच्या बारीक कणांत साठलेला होता, आणि काही सेंटीमीटर अंतरावर प्राणी बदलत होते. पाण्याबरोबर उतरलेला डीएनए असा ठिपक्याठिपक्यांनी बसत नाही.

म्हणजे 'मातीतला डीएनए' हा बराचसा धुळीएवढ्या हाडांतलाच डीएनए आहे. पण मग तुमचा आक्षेप दुसऱ्या दाराने परत येतो : कण हलला तर डीएनए हलला. बीळ, गोठणं-वितळणं, पायाखाली तुडवणं, हे सगळं लागू.

मोठा अभ्यास २०२१ चा. उघड्या भिंतींवर १० ते १५ सेंटीमीटरच्या जाळीने ७२८ नमुने घेतले. ६८५ मध्ये सस्तन प्राण्यांचा प्राचीन डीएनए, १७५ मध्ये मानवकुळाचा. जाळी महत्त्वाची. एखाददुसरा नमुना चुकीच्या थरातला असेल, पण शेजारचे आठ एक सांगत असतील आणि नववा वेगळं, तर संशय नवव्यावर घेता येतो. त्यातून क्रम असा निघाला : सर्वात जुन्या अवजारांबरोबर, सुमारे अडीच लाख वर्षांपूर्वी, डेनिसोवन, त्या जुन्या टप्प्याच्या अखेरीस, १ लाख ७० हजारांच्या सुमारास, निअँडरथल, आधुनिक मानव सुमारे ४५ हजारांच्या पुढच्या थरांत. मधल्या काळात डेनिसोवनांचा मातृवंशही बदललेला आहे, म्हणजे आधीचे आणि नंतरचे डेनिसोवन एकाच सलग वस्तीचे नसावेत.

तिसरी_चाळण

जाळीचा मुद्दा पटला. एका खड्ड्यातून चार पिशव्या भरून आणणाऱ्या अभ्यासांबद्दलचा माझा आक्षेप मात्र कायम.

अंधारखोली

वयाच्या आकड्यांवर कोणी लिहीत नाहीये, म्हणून.

कार्बन-१४ इथे फक्त वरच्या थरांना पुरतो. ५० हजार वर्षांनंतर मोजायला काही उरत नाही, आणि त्याआधीच भेसळ घात करते. हिशोब करून पाहा : अनंत जुन्या नमुन्यात ०.२ टक्के आजचा कार्बन शिरला तर वय सुमारे ५० हजार येतं, १ टक्का शिरला तर सुमारे ३७ हजार. म्हणजे ३७ हजारांचं हाड कदाचित ३७ हजारांचंच असेल, कदाचित दीड लाखांचं आणि नीट न धुतलेलं. कोलॅजन सूक्ष्म गाळणीतून काढून मोठे रेणू तेवढे ठेवायचे आणि मातीतली आम्लं, जुना डिंक वगैरे बाहेर काढायचं, ही पायरी त्यासाठीच. डेनिसोवा ११ चं कार्बन वय '५० हजारांच्या पलीकडे' एवढंच आलं. तो आकडा वय म्हणून वाचू नये, ती किमान मर्यादा आहे.

त्याखालच्या थरांना प्रकाश-उत्तेजित दीपन. क्वार्ट्झ किंवा फेल्डस्पार या खनिजांचा कण शेवटचा उजेडात कधी होता, ते मोजायचं. भिंतीत नळी ठोकून, दोन्ही तोंडं बंद करून, नमुना काळ्या पिशवीत. प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखाली १८० ते २१२ मायक्रॉनचे कण वेगळे करायचे, क्वार्ट्झ हायड्रोफ्लुओरिक आम्लात धुऊन बाहेरची साल काढायची. मग एकेक कण लेसरखाली. कणाने साठवलेली किरणोत्सर्गाची मात्रा भागिले दरवर्षी मिळणारी मात्रा. २०० ग्रे (या मात्रेचं एकक) साठलेत आणि हजार वर्षांना २ ग्रे मिळतात, तर वय एक लाख.

चुकतं कुठे? भागाकाराच्या खालच्या अंकात. ओल्या मातीत पाणी किरणोत्सर्ग शोषतं. पाण्याचं प्रमाण १ टक्का जास्त धरलं की वय साधारण १ टक्क्याने वाढतं, आणि लाखभर वर्षांत सरासरी ओल किती होती हा अखेर अंदाजच असतो. चुनखडीच्या कपचीला चिकटलेल्या कणाला कमी मात्रा मिळते, युरेनियम शोषलेल्या हाडाशेजारच्या कणाला जास्त. एकेक कण मोजण्याचं कारण हेच : खाली घसरलेले तरुण कण आणि नीट उजेड न लागलेले म्हातारे कण बाजूला काढता येतात. सरसकट मूठभर वाळू मोजली तर सगळ्यांची सरासरी येते आणि ती कोणाचंच वय नसते. क्वार्ट्झ दीडशे-दोनशे ग्रेच्या आसपास भरून जातो, त्यापुढे फेल्डस्पारकडे जावं लागतं.

२०१९ च्या कालक्रमात शंभराहून जास्त दीपन वयं आहेत. त्यानुसार डेनिसोवन २ लाख ८७ हजार (± ४१ हजार) ते ५५ हजार (± ६ हजार), निअँडरथल १ लाख ९३ हजार (± १२ हजार) ते ९७ हजार (± ११ हजार). अधिक-उणे गाळून '२ लाख ८७ हजार वर्षं' असं छापणाऱ्यांना दंड हवा. ४१ हजार वर्षं ही काही किरकोळ रक्कम नाही.

भटकी खार

मग ते हिरव्या दगडाचं कंकण डेनिसोवनांनी केलं की नाही? सगळीकडे 'जगातलं सर्वात जुनं कंकण' म्हणून फिरतंय.

गाळवाचक

दगडाला कार्बन नाही, घडवल्याची तारीख दीपनाने लागत नाही. त्यामुळे कंकणाचं वय म्हणजे त्या थराचं वय, पूर्व दालनाच्या ११.१ चं. आणि ११.१ मधली प्रत्येक वस्तू तिथेच पडली व तिथेच राहिली, हे गृहीतक.

हाडाच्या टोच्या आणि दातांचे लोलक यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातून थेट कार्बन काढला, वय ४९ ते ४३ हजार आलं. रशियन गटाच्या मते ते डेनिसोवनांचे. पण डेनिसोवा ३ या मुलीचं वय ७६ ते ५२ हजारांच्या दरम्यान बसतं, म्हणजे तिच्यात आणि लोलकांत अंतर पडतं. पश्चिम सायबेरियात उस्त-इशिम इथे ४५ हजार वर्षांपूर्वीचा आधुनिक माणूस सापडलेला आहे, आणि गुहेच्या मातीतही आधुनिक माणसाचा डीएनए याच प्रकारच्या अवजारांच्या थरांपासून दिसू लागतो. माझा कल आधुनिक माणसाकडे आहे. त्या काळातलं डेनिसोवा १४ हे हाड मानवकुळातलं आहे, थेट वय ४५ हजारांच्या वर, पण त्यात डीएनए उरलेला नाही. नेमकं जे हाड हवं होतं तेच मुकं निघालं.

दोन_पट्ट्या

+१. आणि लोलक कोणाचा हे थेट विचारण्याची सोय आता झाली आहे. २०२३ मध्ये या गुहेतल्या वापिती हरणाच्या भोक पाडलेल्या दातातून डीएनए काढला, दात न पोखरता. फॉस्फेटच्या द्रावणात बुडवून तापमान टप्प्याटप्प्याने ९० अंशांपर्यंत नेलं. हाताळणाऱ्याचा घाम-त्वचेचा डीएनए छिद्रांत मुरलेला असतो, तो आणि हरणाचा स्वतःचा डीएनए वेगवेगळ्या टप्प्यांवर सुटतो. उत्तर आलं : एक बाई, प्राचीन उत्तर युरेशियन लोकांच्या जवळची. वयही डीएनएवरूनच काढलं, १९ ते २५ हजार वर्षं. याची अट मात्र कडक आहे. वस्तू मातीतून निघताच हातमोजे, तोंडावर मास्क, आणि मातीसकट पिशवीत. संग्रहालयात दहा जणांनी हाताळलेल्या लोलकात त्या दहा जणांचाच डीएनए मिळतो. दगडी कंकणाला ही पद्धत लागू नाही, दगडात हाडासारखी छिद्रं नाहीत.

सह्याद्रीकर

अवांतर आहे, पण कोणीतरी विचारणारच : आपल्याकडे का नाही?

महाराष्ट्रातल्या बहुतेक 'गुहा' बेसाल्टात कोरलेल्या लेणी आहेत. त्यांत लाखभर वर्षांचा गाळ साचण्याचा प्रश्नच नाही. नैसर्गिक निवारे बघायचे तर भीमबेटका. विष्णू श्रीधर वाकणकरांनी ते १९५७ मध्ये उजेडात आणलं आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी १९७० च्या दशकात ३ एफ-२३ हा निवारा खणला. अश्यूली हातकुऱ्हाडी, फरश्या, वरपर्यंत सलग थर, सगळं मिळालं. पण तो वालुकाश्म, माती आम्लधर्मी. त्या जुन्या थरांत हाड टिकलं नाही. चुनखडीच्या गुहा कर्नूल भागात आहेत. बिल्लासुरगमला रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ मध्येच हात घातला होता. तिथे हाडं टिकतात, पण उष्णतेत डीएनए टिकणं अवघड. नर्मदाकाठच्या हथनोऱ्याची कवटी (१९८२) तर नदीच्या गाळातली, गुहेतली नाहीच.

कोलॅजन

@सह्याद्रीकर, डीएनए नाही म्हणून आशा सोडू नका. दातावरच्या लुकणातली (एनॅमलमधली) प्रथिनं डीएनएपेक्षा बरीच चिवट असतात. लाओसच्या कोब्रा गुहेतली दाढ (१ लाख ६४ हजार ते १ लाख ३१ हजार वर्षं) उष्ण प्रदेशातलीच. तिच्या लुकणातून 'मानव, स्त्री' एवढं कळलं. डेनिसोवन हा अंदाज दाढेच्या आकारावरून. तिबेटच्या पठारावरच्या बैशिया गुहेतला जबडा आणि तैवानजवळ समुद्रतळातून आलेला पेंगहू जबडा हे दोन्ही प्रथिनांवरून डेनिसोवन ठरले. हार्बिनच्या कवटीत २०२५ मध्ये मातृवंशीय डीएनए मिळाला तो हाडातून नव्हे, दातावरच्या कीटणातून. म्हणून कर्नूलला उद्या दात सापडला तर घासून स्वच्छ करू नये, एवढं तरी करता येईल.

भटकी खार

शेवटचा प्रश्न. एखादा शोधनिबंध किंवा बातमी वाचताना आधी काय बघायचं?

गाळवाचक

वस्तूच्या नावाशेजारी दालन आणि उपथर दोन्ही लिहिलेत का. नुसतं 'थर ११' असेल तर तिथेच थांबा. मग तुकडा जागेवर मोजलेला की चाळणीतला. वय त्या वस्तूचंच आहे की मातीचं; मातीचं असेल तर दीपनाचा नमुना किती अंतरावरून घेतला. शेवटी त्या चौकटीच्या भिंतीचं रेखाचित्र पुरवणीत शोधा आणि बिळाच्या खुणा कुठे दाखवल्यात ते पाहा. रेखाचित्र दिलेलंच नसेल तर त्या आकड्यावर मी तरी काही बांधणार नाही.